उभ्या गाडीची मांडवपरतणी

माझ्या सासरची गाडी दर रविवारी दुपारी पार्किंगमधून न हलता प्रवासाला जाते, त्यामुळे तिची बॅटरी उतरत नाही.

ही व्यवस्था माझ्या लग्नाआधीपासूनची. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. माझा नवरा सुजित गाडी शिकला नाही, कारण शिकवणारे अण्णाच होते. गाडी उभी राहिली. बॅटरीवाले गुंजाळ तेव्हा म्हणाले, "आठवड्याला तास-दीड तास चालवा, नाहीतर बॅटरी बसेल."

"जागेवरच चालवली तर?" अण्णांनी विचारलं.

गुंजाळांनी थोडा विचार केला. "चालेल. पण रस्ता सगळा घ्यायचा. मधलं गाळायचं नाही. बॅटरीला कळतं."

म्हणून किल्ली लावतात, फिरवत नाहीत. मुक्कामी पोचल्यावर दार उघडत नाहीत, कारण दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि कमावलेलं सगळं त्यात जातं. काचांना हरकत नाही. त्या हाताने फिरवायच्या आहेत.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही नगरहून पुण्याला जाऊन आलो. अण्णा जुन्या रस्त्याने नेतात. नवा त्यांना माहीत आहे, पटत नाही. त्यामुळे त्यांच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वडाची झाडं अजून आहेत, आणि अरुंद पुलावर समोरच्याला आधी जाऊ द्यावं लागतं. सासूबाई पुढे बसून लिंबू हुंगतात. सुजित मागे झोपतो. मी खिडकीतून बघते.

गेल्या महिन्यात बॅटरीच्या मीटरवरचा व्होल्टचा आकडा खाली येऊ लागला. गुंजाळ आले, बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले.

"कुठं कुठं नेली?"

"पुणे, शिर्डी, हिच्या बहिणीकडे श्रीरामपूरला," अण्णा म्हणाले.

"श्रीरामपूरला किती वेळा?"

"एकोणीस."

"वीस," सासूबाई म्हणाल्या. "एकदा भांडून अर्ध्यातून परत आलो ते धरा की."

गुंजाळांनी मान हलवली. "रस्ते पाठ झालेत तिला. पाठ रस्त्याला जोर लागत नाही, आणि जोर लागल्याशिवाय चार्ज होत नाही. नवा रस्ता द्या. येत्या रविवारी बारा पॉइंट सहा झाली नाही, तर गेली म्हणून समजा. आणि खरं सांगू का, मग गाडीच काढून टाका."

खांद्यावरच्या टॉवेलने अण्णांनी बॉनेट पुसलं. ते स्वच्छच होतं.

नवा रस्ता म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी पूर्ण ओळखतो, असा पाहिजे. दोन दिवस घरात त्यावर चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणाले, "माझ्या माहेरचा आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. मी आपणहून फारसं बोलत नाही.

माझे बाबा कालवा निरीक्षक होते. शेवगावच्या पुढे, कालव्याच्या वसाहतीत, बी-चौदा नंबरच्या क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले. माझ्या लग्नानंतर महिन्याभरात बाबा निवृत्त झाले, आईबाबा नाशिकला दादाच्या फ्लॅटमध्ये गेले आणि वसाहत पाडली. मला तिचा फोटो आला. फोटोत विटा होत्या. माझी मांडवपरतणी तेवढी राहिली. नवऱ्या मुलीने लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जायचं खरं, पण जायचं कुठे, म्हणून कुणी विषय काढला नव्हता.

"पण ती वसाहत पाडली ना?" सुजित म्हणाला.

"रस्ता पाडलाय का?" अण्णांनी विचारलं.

रविवारी मी लग्नातली हिरवी साडी नेसले. आम्ही दोन वाजता निघालो. तिसगावपर्यंत अण्णांना रस्ता माहीत होता. करंजीच्या घाटात सासूबाई म्हणाल्या, "अहो, गिअर बदला की. कण्हतेय ती."

"चाळीस वर्षं मीच बदलतोय."

"म्हणूनच कण्हतेय."

तिसगावच्या पुढे मी सांगायला लागले. डावीकडे बाभळींची रांग. मग खताचं दुकान, त्याच्या पाटीवरचं अर्धं अक्षर उडालेलं. इथे हळू घ्या, मेंढ्या आहेत. आम्ही मेंढ्या जाईपर्यंत थांबलो. शेवगावात शाळेजवळचा गतिरोधक, तो दिसत नाही, बसल्यावर कळतो. अण्णांना बसल्यावर कळला. मग कालव्याची मोरी, मोरीवर खडूने लिहिलेली पाण्याची उंची, ते बाबांचं अक्षर. सासरी आल्यापासून मी सलग इतकं बोलले नव्हते. सुजित झोपला नाही.

"आता उजवीकडे. तिसरं घर. निळं दार."

अण्णांनी ब्रेक दाबला. मीटर बारा पॉइंट सहा दाखवत होतं. नेमकं तेवढंच.

"पोचलो," अण्णा म्हणाले. "झालं हो. झाली चार्ज. आता वळवतो."

माझा हात दाराच्या कडीवर होता. मी तो काढून मांडीवर ठेवला. सासूबाईंनी ते आरशात पाहिलं.

"अहो, थांबा. पोर पहिल्यांदा माहेरी आलीय."

"दिवा लागेल."

"मग काचेतून उतरू दे."

अण्णांनी या मुद्द्याचा विचार केला. गुंजाळांच्या सांगण्यात काचेविरुद्ध काही नव्हतं. सुजितने काच खाली फिरवली, माझ्या निऱ्या सावरल्या आणि मला बाहेर ढकललं.

आई ओसरीवर भेंड्या चिरत होती. "ही काय गं उतरायची तऱ्हा?"

"दार उघडलं की दिवा लागतो."

"असं होय. मग बरोबर." तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळला, थोडा विचार करून गाडीच्या बॉनेटवरूनही ओवाळला आणि कुंपणापलीकडे टाकला. मग काचेपाशी जाऊन सासूबाईंना हळदकुंकू लावलं, जावयाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "आत या म्हणायचं, तर तुमचं हे असं."

"पुढच्या खेपेला," सासूबाई म्हणाल्या.

मी आत गेले. बाबा खुर्चीत बसून कालव्याची नोंदवही भरत होते. "ये," एवढंच म्हणाले. मी स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघरातला ठिबकणारा नळ पाहिला. चौकटीवरच्या माझ्या उंचीच्या रेघांवर हात फिरवला, खालून वर, शेवटच्या रेघेपर्यंत. तेवढ्यासाठी आले होते. मग बाबांच्या पाया पडले आणि काचेतून गाडीत बसले. आईने मागून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आत दिला.

आम्ही परत निघालो. पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा आकडा तोच होता. अण्णांनी किल्ली काढून खिशात ठेवली आणि खिसा वरून दोनदा चाचपून पाहिला.

संध्याकाळी नाशिकहून आईचा फोन आला. "वृषाली, माझा तो मधला डबा तुझ्याकडे आलाय का गं? सगळं सामान लागलं, तोच सापडत नाहीये."

मी डब्याकडे पाहिलं. झाकणावर बाबांचं नाव ठोकून घातलेलं होतं. "आलाय. लाडू संपले की देते."

"घाई नाही. पण पुढच्या वेळी नीट दारातून उतर. बाबा अजून हसतायत."

लाडू बुधवारी संपले. मी डबा घासून ओट्यावर पालथा घातला. सासूबाईंनी तो सुलटा केला.

"रिकामा डबा कसा परत द्यायचा? तुझ्या बाबांना काय आवडतं?"

"भरल्या मिरच्या. वाळवलेल्या."

अण्णांनी गुंजाळांना फोन केला. एकदा झालेला रस्ता पुन्हा चालेल का, असं विचारलं. गुंजाळ म्हणाले, त्या वेळी जायला गेला होतात, आता डबा द्यायला जाताय; तो रस्ता वेगळा धरतात.

मिरच्यांना ऊन कुठे चांगलं लागतं, हे सासूबाईंना ठाऊक आहे. काल सकाळी त्यांनी बॉनेटवर जुनं धोतर अंथरलं आणि मिरच्या पसरल्या. रविवारपर्यंत वाळतील.