बंद जिनिंगची पाहणी

उद्योगधंद्यांचा विषय निघाला की अवधूत मोहरीलच्या अंगात यायचं! यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत तो साधा लिपिक, पण बोलायला लागला की मंत्र्यानं खुर्ची खाली करून द्यावी. "मुंबईला सिनेमा, पुण्याला मोटारी, कोल्हापूरला साखर, नाशिकला द्राक्षं. मान्य! पण ही सगळी माणसं अंगावर कपडे घालूनच कामाला जातात ना? मग राज्य कोणाच्या जिवावर चालतं? आपल्या कापसाच्या!" हे ऐकून ऐकून त्याची बायको कुंदा कावली होती.

आणि दिवस तरी कसले? कापसाला भाव नाही, लोकांच्या घरात माजघरापासून न्हाणीपर्यंत कापूस भरलेला, वीज अर्धा दिवस गायब. बाभुळगावच्या वाटेवरचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, तर कधीचंच बंद पडलेलं. यंत्रं भंगारात निघायची वेळ आली होती. तेवढ्यात इचलकरंजीचे मुधोळकर नावाचे गिरणीवाले ते बघायला यायला तयार झाले. त्यांना पसंत पडलं तर जिनिंग सुरू, नाही तर भंगारवाला दारात!

"माझ्यावर सोडा," अवधूतनं कचेरीतल्या साहेबांपुढे छाती ठोकली. "फक्त गावात बोभाटा नको. गर्दी पाहिली की पाहुणा बिचकतो."

त्यानं ही गोष्ट फक्त कुंदाला सांगितली. कुंदानं फक्त भाजीवाल्या लालीबाईला सांगितली. लालीबाई पूर्वी त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, हे बिचाऱ्या कुंदाला काय ठाऊक!

ठरल्या दिवशी भरदुपारी मुधोळकरांची गाडी आली. माणूस पैलवानासारखा, पण बोटाबोटांत अंगठ्या आणि मनगटावर गंड्यादोऱ्यांची जुडी. फाटकाशी उकंडा चौकीदार उभा होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"साहेब, अंदर जाऊ नका जी. सकाळपासून आवाज येऊन राह्यला."

"कसला आवाज?"

"कापूस निवडते तसा. खसखस, खसखस. आन् कुलूप तं लागेलच हाय!"

"उंदीर असतील," अवधूत म्हणाला आणि हसला. मुधोळकर हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला ताईत चाचपला.

गंजलेलं कुलूप दगडानं ठोकून उघडावं लागलं. आत लोडशेडिंगचा काळोख. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरलेल्या आणि त्यांत पांढरं तूस तरंगत होतं. वारा नसतानाही! आणि समोरून कुठूनतरी, अगदी सावकाश, खसखस, खसखस.

"तर साहेब, हा आपल्या राज्याचा कणा..." अवधूतनं सुरुवात केली आणि डोळे अंधाराला सरावले.

भिंतीलगत पांढऱ्या आकृत्या ओळीनं बसल्या होत्या. डोकं, तोंड, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. अंगभर तूस चिकटलेलं. कोणी मान वर करेना, कोणी बोलेना. हात तेवढे चाललेले.

"ह्या... ह्या कोण?" मुधोळकरांचा आवाज फाटला.

"कोणी नाही साहेब! कागदोपत्री इथं कोणीच नाही!"

तेवढ्यात पुढची आकृती उभी राहिली आणि तिनं हात जोडले. झालं! मुधोळकर जे उधळले ते एक बूट तिथंच टाकून! अवधूतही पळाला असता, पण त्याचा सदरा दाराच्या कडीत अडकला. भुतानंच धरलं असं वाटून तो रामरक्षा म्हणू लागला, तीही मधूनच.

"काहून पळून राह्यले भाऊ? मी लाली!" आकृतीनं तोंडावरचं फडकं सोडलं.

अवधूतचा जीव भांड्यात पडला. जिनिंगची जुनी रीतच होती, हंगामाच्या पहिल्या दिवशी जी बाई आपल्या जागेवर बसली, तिची जागा वर्षभर पक्की. म्हणून जिनिंग आजच सुरू होणार असं समजून सगळ्या बाया मागच्या फाटक्या पत्र्यातून शिरून आपापल्या जागेवर बसल्या होत्या. कोपऱ्यात जुनी कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, पडलेली होती. हात रिकामे कशाला ठेवायचे म्हणून तीच निवडायला घेतली.

"पण बोलत का नव्हता?"

"पयलेचा मुकादम म्हने, साहेब आला का मान खाली. जे बोलली, जे हासली, तिची रोजी गेली."

ओळीत एकच जागा रिकामी होती. लालीबाई हळूच म्हणाली, "थे रुखमाबाईची. मागच्या साली मेली बिचारी. पन जागा तं तिचीच हाय ना!" त्या रिकाम्या जागेसमोरही निवडलेल्या कापसाचा ढीग होता. तो कोणी निवडला, हे विचारायचं धाडस अवधूतला झालं नाही.

तो दारात धावला. "साहेब, परत या! बाया आहेत! कामाच्या बाया!"

मुधोळकर गाडीपाशी थबकले. घाम पुसला. "बाया? आणि जिनिंग बंद असताना इतक्या मन लावून काम करतात?" त्यांच्या डोळ्यांत धंदा चमकला. एका बुटानिशी ते चक्क परत येऊ लागले! अवधूतला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं.

"साहेब पळाले कायले होते?" लालीबाईनं विचारलं.

"भ्याले!"

"कोनाले?"

"तुम्हाला!"

सगळे हात थांबले. खसखस थांबली. आणि मग ज्या बायांकडे कधी कोणी वळून पाहिलं नव्हतं, त्यांना एवढा मोठा गिरणीवाला भ्याला, हे ओळीभर पोचलं. एकीला हसू फुटलं, दुसरीला फुटलं, आणि वर्षानुवर्षं दाबलेलं सगळं हसू त्या पोकळ पत्र्याखाली एकदम घुमलं. पत्रे थरथरले. वळचणीची कबुतरं उडाली. बाहेर उकंडा फाटक सोडून पळाला.

मुधोळकरांचा एक पाय उंबऱ्यात होता. तो तिथून कसा निघाला ते दिसलंच नाही. दिसला तो यवतमाळच्या दिशेनं उडालेला धुरळा.

"हसलात कशाला गं?" अवधूत कळवळून म्हणाला. "जिनिंग सुरू होत होतं! आता भंगारवाला येईल!"

बायांनी तोंडावरची फडकी पुन्हा आवळली. लालीबाईनं डोळ्यांचं पाणी पुसलं, ते हसण्याचं की कशाचं, कळेना.

"हासू नाई म्हनून तं सकाळपासून तोंड बांधून बसलो होतो, भाऊ. हासवलं तुमीच!"

अवधूतनं मटकन बसकण मारली, आणि बसला नेमका रुखमाबाईच्या जागेवर. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग लालीबाईनं त्याच्यापुढे कवडीचा गठ्ठा सरकवला.

"बसलेच तं निवडू लागा थोडं."