इब्राहिमभाईंचा दारातला पाय

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमची ही सांगेलच. ग्रीसच्या एका टीचभर बेटावर, रविवारी सकाळी, आमच्या आणि शेजारच्या अशा दोन कुटुंबांना बॅगांसकट धक्क्यावर आणून उभं केलं ते मी. वेळापत्रकात लिहिलं होतं, कामाच्या दिवशी बोट सातला. आता कतारमध्ये वर्षानुवर्षं शुक्रवार-शनिवारची सुट्टी घेतलेल्या माणसाला रविवार हा कामाचाच वार वाटणार! रविवार म्हटलं की मी गजर लावतो. बाकीचं जग त्या दिवशी लोळत पडतं हे मी पार विसरलो होतो. धक्क्यावर फक्त एक मांजर होतं. तेही झोपलेलं.

"पाटीलसाहेब," इब्राहिमभाई म्हणाले, "तुमच्या डोस्क्यात खजूर भरलाय."

पुढची बोट दुपारी. ती अथेन्सच्या बंदराला लागणार आणि संध्याकाळी आमचं दोह्याचं विमान. म्हणजे ही बोट जराही रेंगाळली की विमान गेलंच. ईदची सुट्टी संपलेली, साहेब टपून बसलेला. पुढे मी का भडकलो ते कळावं म्हणून हे सांगून ठेवतो.

इब्राहिमभाई मुकादम हे दोह्याच्या मदिनत खलीफा भागातले आमचे शेजारी. एकाच व्हिलाचे दोन तुकडे करून घरमालकाने आम्हाला दिलेत, आणि मधली भिंत इतकी पातळ आहे की त्यांचा संताप आम्हाला फुकट ऐकू येतो. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीपलीकडच्या गावचे. आमची दोघांची ऑफिसं लुसैलला, म्हणून रोज मी त्यांच्याच गाडीतून जातो. मला रोज उशीर होतो आणि ते रोज हॉर्नवर तळवा ठेवून बसतात. "यल्ला पाटील! दाढी करताय का शेत नांगरताय?" गल्लीतली मुलं शाळेसाठी या हॉर्नवरच उठतात.

चिडणं मी समजू शकतो. पण हा त्यांचा पाय! कुठलंही दार बंद होताना दिसलं की इब्राहिमभाई त्यात पाय घालतात. ऑफिसच्या लिफ्टमध्ये दहा माणसं घड्याळं बघत उभी, आणि यांचा पाय दारात.

"कुनीतरी येतोय."

"कोण येतंय?"

"येल ना कुनीतरी!"

एकदा लुसैलच्या ट्रामला त्यांनी असंच अडवलं. लांबून एक गोरा गृहस्थ धावत येत होता. दार दोनदा आपटलं, भोंगा वाजला, रखवालदार धावला. इब्राहिमभाई त्याच्यावरच उखडले, "आदमी भागता है, दिखता नहीं? इन्सानियत खलास!" तो गृहस्थ ट्रामसमोरून तसाच पुढे निघून गेला. व्यायामाला धावत होता. माझी मीटिंग गेली ती गेलीच. मला त्या पायाचा मनस्वी राग आहे.

तर दुपारी बोट आली. या बोटींचं मागचं लोखंडी दार धक्क्यावर पुलासारखं आडवं पडतं. गाड्या, माणसं त्यावरून आत शिरतात आणि सुटताना ते वर उचलतात. आम्ही आत बसलो. मी मनातल्या मनात विमानापर्यंतचा हिशेब मांडत होतो. तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला, आणि त्यातला एक आवाज मदिनत खलीफातला होता.

इब्राहिमभाई त्या लोखंडी दारावर उभे! एक पाय दारावर, एक धक्क्यावर. समोर दोन धिप्पाड खलाशी ग्रीकमधून ओरडताहेत, आणि हे कोकणीतून.

"मानूस धावतोय, दिसत नाय? डोले हायत का बटनं?"

वरच्या उतारावरून एक म्हातारा, हातात खोकं धरून, धावल्यासारखा चालत होता. त्याचा वेग बघून मला घाम फुटला. गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. कप्तान वरून वाकून हातवारे करायला लागला. मी इब्राहिमभाईंचा दंड धरला आणि भर बोटीत किंचाळलो, "अहो राहू दे त्याला! आपलं विमान जाईल!"

"जाऊंदे विमान!" त्यांनी माझा हात झटकला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

म्हातारा पोचला. धापा टाकत त्याने दोरीने बांधलेलं खोकं इब्राहिमभाईंच्या हातात दिलं, काहीतरी बोलला, समुद्रापलीकडे बोटाने खूण केली, आणि वळून घरी चालू लागला. त्याला यायचंच नव्हतं! खोक्यावर पलीकडच्या कुणाचंतरी नाव लिहिलं होतं आणि आत लिंबं होती.

बोट सुटली. मी फणफणत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "लिंबांसाठी? लिंबांसाठी बोट अडवलीत?"

ते खोकं मांडीवर घेऊन बसले होते. बोलले तेही चिडूनच.

"बाप गेला तवा दोह्यावरनं इमानानं आलो. मुंबैवरनं गाडीनं आलो. खाडीवर आलो तर लाँच सुटत होती. धावलो. हात केला. त्या लाँचवाल्यानं पन हात केला. आनी गेला." दोरीची गाठ ते उगीच घट्ट करत होते. "पलीकडं जनाजा निघालेला दिसत होता मना. पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. एवढंसं पानी, पाटील. बापाला माती द्यायला नाय पोचलो."

त्यांच्या बायकोने, सकिनाभाभींनी, पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. ती त्यांनी घेतली, पण झाकण घट्ट लावलंय म्हणून बाटलीवरही चिडले.

बंदरावर एक बाई वाट बघत उभी होती, नाक थेट त्या म्हाताऱ्याचं; खोकं दिसताच ती पुढे आली. इब्राहिमभाईंनी खोकं तिच्या हातात दिलं आणि बोट नाचवत तिला झापलं, "बापाला धावाया लावतेस? तूच जायचंस ना तिकडं!" तिला काय कळलं देव जाणे; तिने हसून त्यांच्या मुठीत चार लिंबं कोंबली. विमान आम्हाला मिळालं. टॅक्सीवाल्याने आणि इब्राहिमभाईंच्या शिव्यांनी मिळून ते मिळवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निम्मी दाढी केली होती आणि बाहेर हॉर्न बोंबलायला लागला. "यल्ला पाटील!"

"एक दिवस," मी आरशात बघून ओरडलो, "एक दिवस तरी या माणसाला दम निघेल का?"

बायकोने डब्यात भाभींनी दिलेल्या ग्रीक लिंबाची फोड ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"हॉर्न वाजवताहेत म्हणजे थांबलेत," ती म्हणाली. "पळा आता."