मामांची बडदास्त

मुखेड तालुक्यात आपण हाती घेतलेलं एकही लग्न मुहूर्तापेक्षा तासाहून जास्त लांबलं नाही, असं शिवशंकर छातीठोकपणे सांगायचा. दुसरं कुणी सांगत नसे, ही गोष्ट वेगळी. थोरल्या भावाच्या मुलीचं, उज्वलाचं लग्न उदगीरला करायचं ठरलं आणि सगळा कारभार आपोआप त्याच्याकडे आला.

एकच घोर होता. उज्वलाचे मामा रामलिंग अंध होते. लातूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे, एसटीने एकटे हिंडायचे. पण शिवशंकरचाच जीव खालीवर. त्यात मामांनी आठ दिवस आधी फोन करून बजावलं होतं, "पोरीला बोहल्यावर मीच आणणार. मामाचा मान हाय तो. ती एवढीशी होती तवाच शब्द दिलाय."

"तुम्ही काळजीच करू नका," शिवशंकर म्हणाला आणि फोन ठेवल्याठेवल्या त्यानं या कामावर उज्वलाचा चुलत मामा महांतेश याला नेमून टाकलं. गर्दीत मामांची पायरी चुकली तर लोक नावं कुणाला ठेवतील?

लग्नाच्या दिवशी शिवशंकरनं मामांना दंडाला धरून, जवळजवळ उचलूनच, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं. "इथून हलायचं न्हाई." सरबत तिथेच, पंखा तिथेच. वर माईकवरून पुकारा केला, "वधूचे मामा पहिल्या रांगेत बसलेले आहेत. सर्वांनी आवर्जून भेट घ्यावी."

लोक उठलेच. पहिल्या बाईंनी मामांचा हात हातात घेतला. "वळखा बरं, मी कोण?"

अंध माणूस भेटला की आपले लोक नाव सांगत नाहीत, परीक्षा घेतात. मामांनी क्षणभर विचार केला. "गुणाबाई. रेणापूरच्या."

झालं! मामा सगळ्यांना ओळखतात ही बातमी मांडवभर झाली आणि सोफ्यासमोर रांग लागली. काही जण तर वाढून घेतलेलं ताट हातात धरून उभे राहिले. मामांनी घड्याळाची काच उघडून काटे चाचपले. मुहूर्त बारा पस्तीसचा, वाजले होते बारा वीस.

"शिवशंकरराव, मला उज्वलाकडं जाऊ द्या आता."

"बसा हो. लोक किती मायेनं भेटायलेत."

तेवढ्यात रांगेतून नवरदेवाचे वडील सिद्रामप्पा पुढे आले. साखरपुड्याला मामा शाळेच्या परीक्षेमुळे आले नव्हते, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. "वळखा बघू," सिद्रामप्पा म्हणाले.

"माफ करा. न्हाई ओळखलं."

मागे कुणीतरी फिदकन हसलं. सिद्रामप्पांचा चेहरा लालबुंद. "सगळा गाव वळखू येतो आन व्याहीच तेवढा वळखू येत न्हाई व्हय?" असं म्हणत ते तरातरा बाहेर गेले आणि जीपमध्ये काच लावून बसले.

त्यातच महांतेश धावत आला. "उज्वला उठंना. रामलिंगमामा आल्याबिगर पाऊल टाकत न्हाई म्हणायली. मग मला कोट कशाला शिवायला लावला?"

मुहूर्ताला सात मिनिटं उरली होती. शिवशंकरनं मामांपुढे हात जोडले. मग हे त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन तोंडानं सांगितलं, "हात जोडलेत बघा आप्पा."

"व्याह्यांची समजूत मी काढतो," मामा म्हणाले. "पण पोरीला मीच आणणार. आन मला ओढू नका. तुमचा कोपर द्या, मी धरतो."

मामांनी जीपच्या काचेवर टकटक केलं. "वळखा बघू, मी कोण?"

"मामा हाव की तुम्ही," आतून घुश्शात उत्तर आलं.

"तुम्हाला दिसतंय म्हणून. मला नाव सांगितलं असतं तर तिथंच मिठी मारली असती."

सिद्रामप्पांना हसू आवरेना. ते खाली उतरले.

मग मामांनी उज्वलाला आणलं. आदल्या संध्याकाळीच ते ती वाट दोनदा चालून गेले होते. हे त्यांनी शिवशंकरला सांगितलंही होतं, पण ऐकायला त्याला सवड नव्हती. आताही तो दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उलटा चालत होता, "पायरी, आप्पा, पायरी" करत. मामा अडखळले नाहीत. अक्षता पडल्या, अकराच मिनिटं उशिरा.

पंधरा दिवसांनी उज्वला अल्बम घेऊन लातूरला मामांकडे आली. सोबत शिवशंकर, कौतुक ऐकायला. ती एकेक फोटो वर्णन करून सांगत होती. मध्येच थांबली.

"बोहल्यावर जातानाचा कसा आलाय?" मामांनी विचारलं.

"सात हायत, मामा. सातीमधी काकाच हाय. पाठमोरा, हात पसरून."

"आन मी?"

"तुमच्या फेट्याचा तुरा दिसायलाय."

मामा म्हणाले, "मला फोटो दिसत न्हाई, त्याचं काई न्हाई, शिवशंकरराव. पण बाकीच्यांना तरी मी दिसायला पाहिजे होतो."

शिवशंकरला मनापासून वाईट वाटलं. चूक कबूल करायची सवय नव्हती, तरी तो म्हणाला, "चुकलं, आप्पा. पुन्हा न्हाई होणार." आणि काहीतरी भरपाई करावी म्हणून त्यानं लगेच, अगदी आपुलकीनं विचारलं, "मामा चहा घेतील का?"

विचारलं ते उज्वलाला.