माझं एकपानी मॅन्युअल

प्रोग्रामर लोकांचा स्वभाव माझ्याइतका अख्ख्या मोन्तेव्हिदेओत कुणी ओळखला नव्हता! निदान त्या हिवाळ्यात माझी तशी पक्की समजूत होती.

आमची कंपनी सहा माणसांची. दुकानाच्या कंप्युटरवरून आमच्याकडे ऑर्डर आली, की आमची मोटरसायकलवाली पोरं माल घरपोच करायची. हे कंप्युटर एकमेकांना जोडायचे कसे, ते सांगणारं मॅन्युअल मात्र चाळीस पानी! एका मोठ्या औषधवाल्याचा करार दारात उभा होता. त्याच्या प्रोग्रामरांना ही जोडणी झटपट जमली नाही, तर आमच्या ऑफिसला कुलूप.

"घाईतला प्रोग्रामर वाचत नाही, ग्रासिएलाबाई," मी मालकिणीला सांगितलं. "तो उचलतो आणि चिकटवतो!"

"मग उचलण्यासारखं लिही की, ओमेरो! भाषणं काय ठोकतोस?"

मी चाळीस पानांचं एक पान केलं. त्यावर फक्त एका ऑर्डरीच्या कोडचा तयार नमुना. नमुन्यात पत्ता हवा, म्हणून नेलिदामावशीचा घातला. मी तिच्याकडेच राहायचो.

औषधवाल्यांची जोडणी अर्ध्या तासात झाली. ग्रासिएलाबाईंनी मला चक्क मिठी मारली! दुसऱ्या दिवशी खऱ्या ऑर्डरी सुटल्या आणि मावशीचा फोन आला.

"अरे, दारात पोरांची रांग लागलीय. सगळ्यांकडे औषधंच औषधं! मला नक्की झालंय तरी काय? डॉक्टर तुझ्या कानात काही बोलला का? खरं सांग!"

मी भर पावसात धावलो. प्रोग्रामरांनी नमुना जसाच्या तसा चिकटवला होता, मावशीच्या पत्त्यासकट! स्वयंपाकघरात भिजलेली पोरं दाटीवाटीनं बसली होती, 'माते' नावाच्या आमच्याकडच्या कडवट चहाचं भांडं हातोहात फिरत होतं आणि मावशी तोर्ता फ्रिताच्या जाडजूड पुऱ्या तळता तळता पाकिटांवरची नावं वाचत होती.

"हा शेजारचा अल्सिदेस बघ! मला सांगतो, घोड्यासारखा ठणठणीत आहे!"

"मावशी, लोकांची औषधं वाचू नयेत!"

"माझ्या घरी आलीत. वाचणारच!"

औषधवाल्यांनी आणखी एक संधी दिली. मी मावशीचा पत्ता काढला आणि तिथे ठळक अक्षरांत लिहिलं: 'इथे ग्राहकाचा पत्ता घाला'. आता चुकायला जागाच नव्हती! दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. मी ऐटीत घरी जेवायला गेलो, तर स्वयंपाकघरात पुन्हा तीच गर्दी.

"काय करणार, दादा?" यामांदू नावाचा पोरगा तोंडातला घास आवरत म्हणाला. "'इथे ग्राहकाचा पत्ता घाला' असा रस्ता शहरभर शोधला. कुणालाच माहीत नाही. मग म्हटलं, नेहमीच्या ठिकाणी नेऊ."

आज मावशी नाही, ती पोरंही कुठे कुठे पांगली. पण त्या गरम तळणीभोवतीचा हशा अजून आठवतो. तेवढं सुखाचं घर मला पुन्हा मिळालं नाही.

त्या दिवशी यामांदूचं बोलणं संपतंय, तेवढ्यात ग्रासिएलाबाई आत आल्या. मावशीनं त्यांच्याही हातात बशी दिली.

"करार गेला, ओमेरो," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "ऑफिसही गेलं समज. पण तुझं मॅन्युअल त्यांना फार आवडलं हो!"

"खरंच?"

"म्हणाले, एक अक्षर वाचावं लागलं नाही!"