कार्बोरेटरचा भूकंप

वैजनाथ सरांनी ठरवलं, की सासऱ्यांची मोटारसायकल आपणच दुरुस्त करायची. (हे ठरवलं नसतं, तर लातूरची ती अख्खी गल्ली भर दुपारी उन्हात उभी राहिली नसती.)

सर कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवायचे. अहमदपूरचे सासरे व्यंकटराव दर भेटीत म्हणायचे, "मास्तरला पुस्तकाबाहेर काय येतंय?" आठ दिवसांसाठी आणलेली त्यांची गाडी पावसाळाभर दारात उभी राहिली. कार्बोरेटरात पेट्रोल सुकून कचरा बसला. किक मारमारून सरांचा पाय सुजला, तरी गाडी ढिम्म. अन् व्यंकटराव आज दोनच्या एसटीनं गाडी न्यायला येणार!

"कोपऱ्यावरच्या गॅरेजला टाका की," बायको वर्षाराणी म्हणाली.

"मग मला काय आलं?" सर पेटलेच.

त्यांनी ऑनलाइन एक मशीन मागवलं होतं. डब्याएवढा स्टीलचा टब. त्यात साबणाचं पाणी घालायचं, खोललेला कार्बोरेटर सोडायचा, बटण दाबायचं. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी बारीक भोकांतला कचरा हुसकून काढतात म्हणे.

"अन् त्या लहरींना माझाच ओटा सापडला?" वर्षाराणीनं विचारलं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरांच्या आईंचा तांब्या होता. साखराबाईंनी त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेला. तेव्हापासून तांब्यावर उपडा पेला अन् पेल्यावर चमचा, हे त्यांचं यंत्र. चमचा वाजला की जवळ असेल त्यानं मेन स्विच पाडायचा, अन् सगळ्यांनी रस्त्यावर पळायचं. घराचा कायदाच होता तो.

सरांनी बटण दाबलं. पाण्यात सर्रर्र झालं. चमचा वाजला.

"भूकंप!" साखराबाई ओरडल्या. "पळा रं! वरच्या पोरींना हाका मारा!"

इतक्या वर्षांची सवय. सरांच्या डोक्यात फिजिक्स यायच्या आत हातानं मेन पाडला अन् पायांनी रस्ता गाठला. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या, नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी पुस्तकं घेऊन उतरल्या. शेजारीपाजारी निघाले. दहा मिनिटं काहीच हललं नाही. (हलणार कसं? लाईट कुठं होती?)

"गेला बाई," म्हणत सगळे आत आले. सरांनी मेन वर केला. मशीनचं बटण तर दाबलेलंच होतं.

"आला गं बाई दुसरा!"

पुन्हा मेन पडला, अन् या खेपेला मागची गल्लीसुद्धा बाहेर आली. साखराबाई समोरच्या कट्ट्यावर बसून थरथर कापत होत्या. त्यांचा हात धरताना सरांना भरून आलं. एवढ्यात हातात पिशवी घेऊन व्यंकटराव हजर.

"आरं, सगळे रस्त्यावर का?"

"दोन धक्के बसले, मामा."

पोरींमधली उदगीरची सादिया जरा जास्तच हुशार. ती म्हणाली, "सर, दोन्ही टायमाला मेन पाडल्यावरच थांबलं. आत काही चालू हाय का?"

सरांनी घराकडं बोट दाखवलं. "अल्ट्रासॉनिक मशीन... कार्बोरेटर धुवायचं," ते कसंबसं बोलले.



"म्हंजे भूकंप तू करायलास व्हय रं, वैजू?" साखराबाईंनी विचारलं, अन् पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग काय, सगळी गल्ली हसली. सरांना मात्र धरणी फाटावी असं वाटलं. (त्या दिवशी तेवढं तरी मागायला नको होतं.)

पण सरांनी काम सोडलं नाही. व्यंकटराव चहा पिऊन आत लवंडले, तेवढ्यात तांब्या माजघरात हलवला, मशीन पुन्हा चालवलं, चकचकीत झालेला कार्बोरेटर व्हिडिओ बघत बघत बसवला. व्यंकटरावांनी उठून बाहेर येत किक मारली. पहिल्याच किकला गाडी धडधडली!

"झकास!" व्यंकटराव खूश झाले. "कुणाकडनं करून घेतली?"

"मीच केली, मामा." सरांची छाती फुगली.

व्यंकटरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं अन् गाडी गिअरमध्ये टाकली.

"जावईबापू, भूकंप तुम्ही केला, ते पटलं मला. पण गाडी? न्हाई बुवा. ज्यानं केली त्याला माझा सलाम सांगा."