ढोलकड्याची उपसूचना

अनुमोदक म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या ठरावामागे स्वतःचे नाव उभे करणारा सभासद. भेकरोली गावात हे काम गावामागचा ढोलकडा करतो.

शब्द नीट पाहिला पाहिजे, कारण तो सैलपणे वापरला जातो. 'अनु' म्हणजे मागून आणि 'मोद' म्हणजे आनंद. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून मागाहून आनंद पावणे आणि तो आनंद उघड करणे, हे अनुमोदन. नुसता होकार म्हणजे अनुमोदन नव्हे. होकार घरात बसून देता येतो, मान हलवून देता येतो, न देताही दिल्यासारखा दाखवता येतो. अनुमोदनाला आवाज लागतो आणि त्या आवाजाला मालक लागतो. ढोलकड्याला आवाज आहे, आणि तो त्याचाच आहे याविषयी गावात दुमत नाही.

पूर्वी भेकरोलीत माणसेच अनुमोदन देत असत. मग गावाने तळे बांधायचे ठरवले. ठराव तेव्हाच्या सरपंचांनी मांडला आणि रघुनाथ खोत यांनी त्याला अनुमोदन दिले. पहिल्याच पावसाळ्यात बांध फुटला आणि खालची भातशेते गाळाखाली गेली. भेकरोलीची जुनी समजूत अशी की, मांडणारा नुसता बोलतो. गोष्ट खरी होते ती दुसरा कोणी 'हो' म्हणतो तेव्हा. त्यामुळे सरपंचांना कोणी काही विचारले नाही. ते पुन्हा निवडून आले. रघुनाथ खोतांना मात्र लग्नात, बाजारात, देवळाच्या पायरीवर लोक विचारीत, "काय रघूभाऊ, आज कशाला हो म्हणणार?" त्यांनी मागल्या दाराने ये-जा सुरू केली, आणि पुढे तीही थांबवली. ते वारले तेव्हा तिरडी पुढल्या दाराने काढायची की मागल्या, असा प्रश्न घरच्यांना पडला होता. त्यानंतर गावात कोणीही कोणाच्याही ठरावाला अनुमोदन दिले नाही.

अनुमोदकाविना सर्व ठराव पडत राहिले. शाळेचे छप्पर गळत राहिले. पुढे एकदा चावडीची कौले उतरवलेली असल्यामुळे ग्रामसभा कड्याखालच्या माळावर भरली. "अनुमोदन कोण देतो?" असे विचारून सरपंच थकले, तेव्हा वैतागून त्यांनी संपूर्ण ठराव मोठ्याने पुन्हा वाचला, आणि कड्याने त्याचा शेवट स्पष्टपणे परत दिला: "मंजूर व्हावा." तेव्हाच्या ग्रामसेवकांनी अनुमोदक म्हणून ढोलकड्याचे नाव लिहिले. कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती, तर त्या हरकतीलाही अनुमोदक लागला असता.

पंचायत समितीने अनुमोदकाचे वय आणि राहण्याचे ठिकाण कळवण्यास सांगितले. वय नोंदी सुरू होण्यापूर्वीचे आहे आणि ठिकाणात बदल नाही, असे कळवण्यात आले. समितीने एवढीच अट घातली की, अनुमोदक सभेस प्रत्यक्ष हजर असावा. तेव्हापासून चावडीची कौले परत चढली, तरी सभा माळावरच भरते.

हे सर्व सांगणे आवश्यक होते, कारण यापुढची गोष्ट सुगंधाबाई बारगोडे यांची आहे.

सुगंधाबाई पैलवाडीत राहतात. पैलवाडी आणि गाव यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. त्यांचे यजमान दौलत यांची मूत्रपिंडे निकामी झाली असून, आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. गेल्या आषाढात पऱ्या भरून वाहत असता दौलत यांची एक फेरी चुकली. त्यांचे पाय सुजले, मग तोंड सुजले, मग श्वास पुरेना. पाणी उतरल्यावर त्यांना डोलीत घालून नेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, आणखी एक फेरी चुकली तर त्यापुढच्या फेरीची गरज पडणार नाही.

म्हणून चैत्रातल्या सभेत सुगंधाबाईंनी ठराव मांडला: पैलवाडीसाठी पऱ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्याजोगा लहान पूल, खालच्या उताराशी बांधावा. त्या कड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि प्रथेप्रमाणे मोठ्याने म्हणाल्या, "ठराव मंजूर व्हावा."

कडा गप्प राहिला.

"वारा आडवा असेल," सरपंच नलिनी मांडवकर म्हणाल्या. "पुन्हा बोला, काकी."

सुगंधाबाई पुन्हा बोलल्या. मग त्यांचा आवाज वयाने बसला असावा असे धरून सरपंचांनी स्वतः तोच ठराव पुकारला. मग वाडीतल्या दोन धडधाकट पुरुषांनी एकदम पुकारून पाहिले. उत्तर आले नाही.

ग्रामसेवक हणमंत देशमाने हे घाटावरचे, नव्याने बदलून आलेले आणि कामात काटेकोर होते. अनुमोदक आजारी तर नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी प्रथम "मागील सभेचे इतिवृत्त कायम" असे पुकारले. कड्याने तात्काळ "कायम" म्हटले. प्रकृती उत्तम होती. मग देशमान्यांनी टोपी काढून विचारले, "या ठरावास आपली हरकत आहे, की नाही?"

"नाही," कडा म्हणाला.

"उलटा विचारा," पांडू गोताड नावाचे म्हातारे खालून म्हणाले. "त्याला मागचा शब्द आवडतो."

देशमान्यांनी विचारले, "हरकत नाही, की आहे?"

"आहे," कडा म्हणाला.

दोन्ही उत्तरे लिहून घेऊन देशमान्यांनी निर्णय दिला की, सभासदाचे मत अद्याप बनलेले नाही. असे माणसांचेही होते. सभा तहकूब करावी.

सुगंधाबाई मात्र खाली बसल्या नाहीत. "गटाराला ओरडलास," त्या कड्याला म्हणाल्या, "संडासाला ओरडलास, या मांडवकरणीच्या दारातल्या दिव्याला तर दोनदा ओरडलास. माझ्या माणसाची पाळी आली तेव्हा दातखीळ बसली काय रे तुझी?"

"दिवा रस्त्यावर आहे, काकी," सरपंच म्हणाल्या. "दारात नाही."

"रस्ता तुझ्या दारात संपतो, बाय."

एवढ्यात कड्याने सावकाश "तुझी" असे परत दिले. ते इतिवृत्तात घेतले नाही, कारण ते अध्यक्षांच्या परवानगीवाचून बोललेले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी कड्याने उत्तर दिले. पऱ्यावर धुणे धूत असलेल्या बायकांनी ते ऐकले आणि माळावर खुर्च्या मोजत असलेल्या देशमान्यांनीही ऐकले. आवाज सुगंधाबाईंचा होता. त्या स्वतः त्या वेळी दौलत यांच्यासह तालुक्याला होत्या. शब्द मात्र त्यांचे नव्हते, म्हणजे सगळे नव्हते. कडा म्हणाला, "पैलवाडीसाठी साकव वरच्या डोहापाशी बांधावा आणि वाट खोतांच्या पोफळीतून न्यावी." असे म्हणून तो थांबला.

पुढल्या सभेला माळ भरला. दौलत यांनाही खुर्चीत बसवून आणले होते. त्यांच्या हाताला पट्टी होती. देशमान्यांनी उभे राहून परिस्थिती समजावून सांगितली. मूळ ठरावात बदल सुचवणे याला उपसूचना म्हणतात. कड्याने उपसूचना मांडली आहे. उपसूचनेला कारण जोडण्याचे बंधन नाही, त्यामुळे कारण विचारता येणार नाही. मूळ सूचक सुगंधाबाई बदल स्वीकारतात काय?

"वर बांधा, खाली बांधा," सुगंधाबाई म्हणाल्या. "आषाढाच्या आत बांधा."

"स्वीकारला," देशमान्यांनी लिहिले. "आता अनुमोदक हवा."

लोकांनी सवयीने कड्याकडे पाहिले.

"त्याच्याकडे पाहू नका," देशमाने म्हणाले. "तो आता सूचक आहे. स्वतःच्या सूचनेला स्वतः अनुमोदन देता येत नाही."

ही अडचण गावाच्या लक्षात आली नव्हती. पांडू गोताडांनी सुचवले की, समोरच्या पांढरीच्या डोंगराला विचारावे. तोही बरा बोलतो. देशमान्यांनी खेदाने सांगितले की, तो डोंगर शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. कोणी सार्वजनिक विहिरीचे नाव घेतले. विहीर ग्रामपंचायतीच्या मालकीची असल्यामुळे तिचे मत स्वतंत्र मानता येत नव्हते. अध्यक्ष या नात्याने सरपंचांना अनुमोदन देता येत नव्हते. मूळ सूचक असल्यामुळे सुगंधाबाईंना येत नव्हते. दौलत यांचा हितसंबंध उघड होता.

"मग राहिलं कोण?" सरपंचांनी विचारले.

"बाकीचा गाव," देशमाने म्हणाले.

बाकीच्या गावाने पायांच्या बोटांकडे पाहिले.

शेवटच्या ओळीत वामन खोत बसले होते. रघुनाथ खोतांचे ते थोरले चिरंजीव. सभेला ते नियमाने येत, शेवटी बसत आणि आधी उठत. वाट ज्या पोफळीतून जायची, ती बाग त्यांची होती, त्यामुळे हळूहळू सगळ्यांची तोंडे तिकडे वळली.

"पोफळी तोडाव्या लागतील," वामन म्हणाले. "त्याला माझी ना नाही. लागतील तेवढ्या तोडा. लिहून देतो. पण अनुमोदन मागू नका."

"झाडं देतोस आणि तोंड देत नाहीस, वामन?" सुगंधाबाईंनी विचारले.

"झाडं पुन्हा लावता येतात, वयनी. साकव वाहून गेला, तर कड्याला कोण विचारणार आहे? मला विचारतील. माझ्या नातवंडाला शाळेत विचारतील. आमच्या घराला मागचं दार अजून आहे. ते मला वापरायचं नाही."

दौलत बारगोडे खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांना बोलताना मध्ये थांबावे लागत असे.

"वामन," ते म्हणाले, "तळ्याच्या वेळेस मी सभेला होतो. मला तळं हवं होतं. या पांड्याला हवं होतं. सगळ्यांना हवं होतं." ते थांबले. "मनातल्या मनात सगळा गाव हो म्हणाला होता. तोंडानं तुझा बाप एकटा म्हणाला."

"हे त्यांना सांगायला हवं होतं, दौलतभाऊ."

"व्हय. नाय सांगितलं." दौलत पुन्हा थांबले. "साकवासाठी नाय सांगत आता. साकव झाला तरी माझे दिवस किती, ते मला ठाऊक आहेत. पण मी गेल्यावर हे सांगायला कोण उरणार होतं?"

पांडू गोताडांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी सांगितलं नसतं."

वामन खोतांनी देशमान्यांना विचारले, "अनुमोदकाचं नाव कसं लिहिता?"

"संपूर्ण."

"म्हणजे मध्ये बापाचं नाव येतं?"

"यावेच लागते. त्याशिवाय नोंद ग्राह्य नाही."

"नीट, सुवाच्य?"

"माझे अक्षर चांगले आहे," देशमाने म्हणाले.

वामन उठले. शेवटच्या ओळीतून चालत ते सर्वांच्या पुढे आले, कड्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "ढोलकड्याच्या उपसूचनेला माझं अनुमोदन आहे."

कड्याने काहीही परत दिले नाही. सूचकाला दुसऱ्यांदा बोलण्याचा अधिकार नसतो.

देशमान्यांनी 'वामन रघुनाथ खोत' असे लिहिले, आणि सर्वांना ऐकू जाईल असे वाचून दाखवले. ठराव मंजूर झाला. ज्येष्ठ सरता सरता साकवावरची शेवटची फळी बसली. आषाढात पऱ्या भरला. खालच्या उताराशी होते ते वडाचे झाड मुळासकट गेले. त्या आठवड्यात दौलत बारगोडे दोन्ही वेळा तालुक्याला जाऊन आले. वामन खोतांना एकदा बाजारात कोणीतरी विचारले, "काय वामनभाऊ, आज कशाला हो म्हणणार?" ते म्हणाले, "साकवाला," आणि मासळी घेऊन घरी गेले.

ही हकिकत आता आसपासच्या गावांत सांगितली जाते, आणि चुकीची सांगितली जाते. सांगणारे म्हणतात की, सुगंधाबाईंच्या शिव्यांनी कड्याला लाज वाटली आणि त्याने साकवाला अनुमोदन दिले. कड्याने अनुमोदन दिले नाही. त्याने उपसूचना मांडली. सूचक आणि अनुमोदक यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी ही गोष्ट सांगू नये.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. ते म्हणतात, त्या दिवसापासून कडा कायमचा मुका झाला. हे खोटे आहे. कडा आता ठराव मांडतो. गेल्या सभेत त्याने स्मशानाच्या वाटेवर दगडी पायऱ्या बांधाव्यात असा ठराव मांडला, तेव्हा अनुमोदनासाठी सुगंधाबाई आणि दौलत बारगोडे एकाच वेळी उभे राहिले. नियमाने नाव एकाचेच लिहिता येते. "तू बस," दौलत म्हणाले. "तुम्ही बसा, तुम्हाला उभं राहवत नाही," सुगंधाबाई म्हणाल्या. दोघांपैकी कोणीही बसेना, म्हणून सभा तहकूब करावी लागली.