गावंडेकाकांची ट्रायल

आमच्या कोलार रोडच्या कॉलनीतले गावंडेकाका नवी चप्पल आणली की आठ दिवस एका पायात नवी आणि दुसऱ्या पायात जुनी घालून फिरतात. "दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कशात आहे ते कसं कळणार?" नव्या कुकरमध्ये पहिले तीन दिवस नुसतं पाणी शिजतं. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात ते माल तपासायचे. ते रिटायर झाले, सवय रिटायर झाली नाही.

मागे एक एजंट कॉलनीत आला. कंप्युटरवरचा प्रोग्राम आपोआप शेअर घेतो, आपोआप विकतो, घरबसल्या नफा, असं सांगत फिरला. ब्लाउज शिवून साठवलेले माझे चाळीस हजार पोस्टात होते. मी फाटकाशी काकांना हळूच विचारलं, "टाकू का?"

"ट्रायल के बिना माल पास नहीं, सुमनबाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी बाजार उघडायच्या आधी काका कारखान्याचा खाकी शर्ट चढवून लॅपटॉपसमोर हजर. प्रोग्रामात टाकलेले पैसे स्वतःचे. "तो आपोआप चालतो ना?" म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले, "ऑपरेटरशिवाय कुणी मशीन सोडतं का?"

ज्या सालांचे भाव बघून प्रोग्राम बनवला होता, त्याच सालांचे आकडे एजंटानं दाखवले. प्रोग्रामला सगळीकडे नफाच नफा. काका म्हणाले, "फुटलेला पेपर हातात देऊन परीक्षा घेतली तर आमचा मठ्ठ भाचाही पहिला येईल!"

एका दुपारी प्रोग्रामनं शेअर घेतले आणि विकायच्या वेळी अडकून बसला. भाव घसरत होता. काकांनी प्रोग्रामच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो मार्केट रिस्क है."

"बेटा, मार्केट को छोड़ो, तुम्हारी गाड़ी का ब्रेक फेल है!"

मी चहा घेऊन दारात उभी. "काका, बंद करा आता. नुकसान होतंय."

"एका दिवसात निकाल देत नसतात."

दोन महिने बसले. एक दिवस चुकवला नाही.

परवा मला बोलावलं. "रिजेक्ट. तुमचे पैसे पोस्टातच राहू द्या."

"तुमचे किती गेले?"

"ट्रायलमध्ये थोडा माल जातोच." आणि दोष वाचायला त्यांनी आपलं तपासणीचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

मला त्यातलं थोडंच कळलं. मी मागची पानं चाळत बसले. पंखा, बादली, छत्री, एकेका वस्तूला एकेक पान. प्रत्येक पानावर 'ग्राहक' शब्दापुढे लिहिलेलं, 'स्वतः'. कितीतरी वर्षं, स्वतः.

प्रोग्रामच्या या पानावर 'ग्राहक'पुढे माझं नाव होतं. ठळक अक्षरांत, खाली पट्टीनं दोन रेघा मारलेलं.